पेशीतले हम्माल

देपालपूरच्या मंडीत दसऱ्यानंतर नवं सोयाबीन उतरायला लागतं. भाव ठरतो ओलाव्यावर आणि कचऱ्यावर. दाण्याच्या आत काय आहे याची चौकशी तिथे कुणी करत नाही. ती पुढे सॉल्व्हंट प्लांटमध्ये होते. दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं आणि साधारण पाचवा हिस्सा तेल. त्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेइक आम्ल या एकाच मेदाम्लाचा. उरलेल्यात ओलेइक, पामिटिक, लिनोलेनिक आणि थोडं स्टिअरिक.

हे पीकच इथलं नवं. देपालपूर होळकरांच्या मुलखातलं. याच तहसिलीतल्या गौतमपुऱ्याला मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंचं नाव आहे. होळकरांच्या दफ्तरात या काळ्या मातीच्या नोंदी निघतील त्या गव्हाच्या, ज्वारीच्या, कापसाच्या आणि अर्थातच अफूच्या. सोयाबीन त्यांत कुठून असणार? पावसाळ्यात ही जमीन इतकी चिकट होते की खरिपात कित्येक शेतं नुसती पडून राहत. धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीचा गहू निघे. 1964 साली जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ सुरू झालं. त्याने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सोयाबीनचे प्रयोग केले आणि पडीक खरिपाला पीक मिळालं. 1979 मध्ये इंदुरात सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, 1987 मध्ये राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्रही इंदुरातच आलं. तीळ, अळशी, शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या माळव्याच्या कढईत एका पिढीच्या आत सोयाबीनचं तेल शिरलं.

ज्या वर्षांत हे पीक काळ्या मातीत रुजत होतं, नेमक्या त्याच वर्षांत दूर न्यू यॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काही डॉक्टर उंदरांची यकृतं आणि आतडी वाटून त्यांचा पाण्यात विरघळणारा अर्क काढत होते. घासातलं तेल पेशीच्या आत गेल्यावर पुढे कसं सरकतं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळायचं होतं. गंमत म्हणजे त्यांतले पहिले लोक तेलाचा विचारही करत नव्हते.

प्रश्न दिसतो तितका साधा नाही. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. आतड्यात स्वादुपिंडाचा लायपेज ती सुटी करतो, पित्तक्षार ती पाण्यात धरून ठेवतात आणि ती आतड्याच्या आवरणातल्या पेशींत शिरतात. आता पेशीच्या आत सगळं पाणी. मेदाम्लाची लांब कार्बन-साखळी पाण्यात विरघळायला तयार नसते. त्यात आणखी एक अडचण: मेदाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियमशी झालेला क्षार म्हणजे साबण, शब्दशः. तो मोकळा सुटला तर पेशीची स्वतःचीच पटलं विरघळवायला लागेल. म्हणजे मेदाम्ल पेशीत मोकळं विरघळत नाही आणि मोकळं राहणं परवडतही नाही. तरीही त्याला पेशीच्या एका कडेपासून आतपर्यंत जायचंच असतं. आतड्याच्या पेशीत पुन्हा तेल बनून लसिकेत उतरायला, आणि हृदयाच्या पेशीत जळून ऊर्जा द्यायला.

जळण्याची बाजू आधी उलगडली. 1904 मध्ये जर्मनीत फ्रान्झ नूप याने मेदाम्लांच्या टोकाला बेंझिनचं कडं जोडून ती कुत्र्यांना खाऊ घातली आणि लघवीत काय उतरतं ते पाहिलं. साखळीत कार्बनची संख्या सम असली तर एक पदार्थ निघे, विषम असली तर दुसरा. त्यावरून त्याने ताडलं की शरीर ही साखळी दोन-दोन कार्बनांनी तोडतं. किरणोत्सारी खुणा तेव्हा स्वप्नातही नव्हत्या. एका कड्याच्या आधारावर काढलेला हा निष्कर्ष आजही टिकून आहे.

तोडल्यावर निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवावे लागतात. या कहाणीत इंदूर येतं ते इथे. 1911 साली इंदुरात जन्मलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे सुरुवातीचे विद्यार्थी. त्याच संस्थेत 1933 मध्ये कमलाबाईंनी अर्ज केला तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी तो फेटाळला. कारण एवढंच, की अर्जदार मुलगी होती. गुणवत्ता यादीत पहिल्या आलेल्या या मुलीने गांधीयुगाला साजेसा सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला तो वर्षभराच्या परीक्षेवर आणि अपमानकारक अटींवर. तिथे त्या श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर शिकल्या. नोबेलविजेत्या रामन यांचं मोठेपण मान्य करूनही हा प्रसंग त्यांच्या चरित्राच्या तळटिपेत ढकलू नये असं मला वाटतं. कमलाबाई स्वतःही तो विसरल्या नाहीत.

1937 मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथे डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये सायटोक्रोम ही श्वसनातली रंगद्रव्यं नव्याने प्रकाशात आणली होती. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतकांवर काम करताना कमलाबाईंना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडलं. प्राण्यांच्या पेशीत जे श्वसन चालतं तेच वनस्पतीच्या पेशीतही चालतं, याचा तो पुरावा होता. प्रबंध चाळीस पानांचा, काम चौदा महिन्यांचं, पीएच. डी. 1939 ची. हे केंब्रिज 1948 पर्यंत स्त्रियांना विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व द्यायला तयार नव्हतं, एवढं सांगितलं म्हणजे बंगळूर आणि केंब्रिज यांच्यात फार अंतर नव्हतं हे कळेल.

सायटोक्रोम सी स्वतःच एक वाहक आहे. तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, दोन पटलांमधल्या जागेत ते एका यंत्रणेकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्या यंत्रणेला देतं. पामिटिक आम्लाचा एक रेणू पूर्ण जळला की पेशीचं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीचे शंभरावर रेणू मिळतात, आणि त्यांतले बहुतेक या देवघेवीतून. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाई नीरेवर आणि डाळींतल्या ट्रिप्सिनरोधक प्रथिनांवर काम करत राहिल्या. सोयाबीन कच्चं का खाऊ नये, त्याला आच का द्यावी लागते, याचंही उत्तर त्याच प्रकारच्या प्रथिनात आहे.

1949 मध्ये शिकागोत यूजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी मेदाम्लं जळतात ती तंतुकणिकेतच, हे दाखवलं. शेवटचं ठिकाण पक्कं झालं. मग सात वर्षांनी सुरुवातीचं टोक हाती आलं. 1956 मध्ये न्यू यॉर्कला व्हिन्सेंट डोल, बेथेस्डाला रॉबर्ट गॉर्डन आणि अमेलिया चर्क्स, आणि स्वीडनमध्ये लॉरेल, अशा तीन गटांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली: उपाशी माणसाच्या रक्तात चरबीतून सुटलेली मेदाम्लं अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात. रक्तात त्यांचं प्रमाण थोडं, म्हणून तोवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. पण ती इतक्या झपाट्याने येतात आणि जातात की काही मिनिटांत सगळा साठा बदलतो. हाच डोल पुढे मेथाडोन देऊन हेरॉइनच्या व्यसनावर उपचार करण्यासाठी अधिक गाजला. एकेकाळी चीनच्या बाजारापर्यंत अफू पाठवणाऱ्या माळव्यात बसून हे वाचताना जरा चमत्कारिक वाटतं.

म्हणजे 1956 अखेर रक्तातला वाहक माहीत होता आणि तंतुकणिकेतली जळणभट्टीही. मधल्या पेशीद्रवाचं काय? अल्ब्युमिन पेशीत येत नाही, ते दाराशी माल उतरवून परत जातं. पाठ्यपुस्तकांच्या आकृत्यांत या जागी नुसता एक बाण असे. बाण काढणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. चार-सहा मायक्रोमीटरचं अंतर, रेणू आपोआप पसरत जाईल, अशी समजूत असावी.

उत्तराची पहिली खूण कावीळ शोधताना मिळाली. ब्राँक्समधल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात आयर्विन एरियास यांचा गट बिलिरुबिनच्या मागे होता. हे पित्तरंजक द्रव्यही पाण्यात न विरघळणारं, तरी यकृत रक्तातून ते सराईतपणे उचलतं. मग यकृताच्या आत त्याला धरणारं काहीतरी असलंच पाहिजे. लेव्ही, गॅटमायटन आणि एरियास यांनी उंदराच्या यकृताचा अर्क सेफाडेक्सच्या स्तंभातून गाळला. या स्तंभातून मोठे रेणू आधी बाहेर पडतात, लहान रेणू मागून. बिलिरुबिन आणि यकृताच्या तपासणीत वापरला जाणारा सल्फोब्रोमोफ्थॅलिन हा रंग ठरावीक जागी बाहेर येत होते. त्या जागांना त्यांनी एक्स, वाय आणि झेड अशी अक्षरं दिली. 1969 च्या त्यांच्या निबंधात वाय आणि झेड या दोन प्रथिनांचा बिलिरुबिन उचलण्याशी संबंध असावा, असं मांडलेलं आहे. वाय पुढे विषद्रव्यं निकामी करणाऱ्या विकरांच्या कुळातलं निघालं. झेड लहानसं, बारा हजार डाल्टनच्या आसपासचं. त्याचं खरं काम त्या निबंधात नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट ऑकनर आतड्याकडून आले. संतृप्त आणि असंतृप्त मेदाम्लं आतड्यात शोषली जाताना सारखी वागत नाहीत, हे त्यांच्या गटाने पाहिलं होतं. पटलातून आत शिरण्यात हा फरक पडत नसेल तर तो आत पडत असणार. आत काहीतरी निवड करून धरत असणार. अशी शंका घेऊन ऑकनर, जोन मॅनिंग, रॉबर्टा पॉपेनहॉसन आणि विल्यम हो यांनी आतड्याच्या अर्कात किरणोत्सारी खुणेचं मेदाम्ल मिसळलं आणि तो गाळला. मेदाम्ल एका लहान प्रथिनाबरोबर बाहेर आलं. यकृत, हृदय, चरबी, मूत्रपिंड, जिथे पाहिलं तिथे तसलंच प्रथिन मिळालं. बंध रासायनिक जोडाचा नव्हता, सैल होता. धरायचं आणि सोडायचं. आणि असंतृप्त मेदाम्लांना ते संतृप्तांपेक्षा घट्ट धरत होतं. सोयाबीनमधलं लिनोलेइक आम्ल त्याच्या आवडत्यांपैकीच. जुलै 1972 मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी मिश्किन आणि एरियासच्या गटानेही झेडला मेदाम्लं चिकटतात हे दाखवलं. ऑकनरचं प्रथिन आणि काविळीच्या वाटेवर सापडलेलं झेड एकच होतं.

हे झालं ते झालं, पण त्याच प्रथिनाला कर्करोगजनक रंगांना धरणारं प्रथिन, स्टेरॉलवाहक प्रथिन अशी आणखीही नावं निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दिली होती. जो तो आपला माल घेऊन आला आणि त्याला तोच हम्माल भेटला. यकृताच्या विरघळलेल्या प्रथिनांत त्याचं प्रमाण शेकड्यात दोन-पाच इतकं भरतं. एवढ्या गर्दीने असलेली वस्तू इतकी वर्षं नजरेत येऊ नये, याचं कारण माझ्या मते सरळ आहे. हे प्रथिन कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही. त्या काळचं जीवरसायन विकरांच्या मागे लागलेलं होतं. काही तोडत नाही, काही जोडत नाही, नुसतं उचलून ठेवतं, अशा प्रथिनासाठी कुणाकडे चाचणीच नव्हती.

1974 मध्ये ऑकनर आणि मॅनिंग यांनी ते आतड्यातून वेगळं काढलं. ते कुठे किती सापडतं, हाच त्यांचा मुख्य पुरावा होता. आतड्याच्या ज्या भागात तेल जास्त शोषलं जातं तिथे ते जास्त, अंकुरांच्या टोकांशी जास्त, तळाच्या खळग्यांत कमी. तेलकट खाणाऱ्या उंदरांत आणखी जास्त. हा परिस्थितिजन्य पुरावा आहे, आणि लेखकांनीही त्याला त्याहून मोठं म्हटलं नाही.

प्रथिनाचा आकार कळायला 1988 उजाडावं लागलं. सेंट लुईसला जेम्स साकेटिनी, जेफ्री गॉर्डन आणि लिओनार्ड बानाझॅक यांनी उंदराच्या आतड्यातल्या या प्रथिनाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. दहा पट्ट्या, पाच-पाचच्या दोन थरांत एकमेकांवर आडव्या, त्यांच्यामध्ये पोकळी. पोकळीच्या तोंडाशी दोन छोट्या सर्पिलांचं झाकण. मेदाम्ल त्या पोकळीत पुरं आत गेलेलं असतं आणि त्याच्याबरोबर पाण्याचे काही रेणूही व्यवस्थित मांडून ठेवलेले असतात. तेल धरणाऱ्या पोकळीत पाणी, हे पाहून रचनाशास्त्रज्ञांना नवल वाटलं. त्याच वर्षी मज्जातंतूंच्या वेष्टनातल्या पी2 नावाच्या प्रथिनाचीही रचना निघाली आणि ती जवळजवळ तीच होती. हळूहळू हे सगळं एक कूळ असल्याचं दिसलं: यकृताचं, आतड्याचं, हृदयाचं, चरबीपेशीचं, कातडीचं, मेंदूचं, सस्तन प्राण्यांत मिळून नऊ-दहा. सगळ्यांची साखळी सव्वाशे-दीडशे अमिनो आम्लांच्या दरम्यानची.

माल द्यायची पद्धत मात्र सगळ्यांची एक नाही. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात जुडिथ स्टॉर्च यांनी चमकणारी मेदाम्लं वापरून देवघेव मोजली. आतड्याचं, हृदयाचं आणि चरबीपेशीचं प्रथिन पटलाला जाऊन भिडतं आणि तिथेच मेदाम्ल सोडतं. यकृताचं प्रथिन तसं करत नाही. ते पाण्यातच सोडून मोकळं होतं. शिवाय ते एका खेपेला दोन मेदाम्लं धरतं.

मग खरी कसोटी आली. एखादं जनुक मुद्दाम बिघडवून उंदीर वाढवायचे आणि काय अडतं ते पाहायचं. 1999 मध्ये बर्ट बिनास आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या प्रथिनाशिवायचे उंदीर तयार केले. त्यांची हृदयं रक्तातून मेदाम्ल पुरेसं उचलत नव्हती. एरवी आपली बहुतेक ऊर्जा मेदाम्लांतून घेणारं हृदय ग्लुकोजकडे वळलं. पळवले तर उंदीर लवकर दमत. वय झाल्यावर हृदयाचे स्नायू जाड झाले. इथे वाहकाची गरज सिद्ध झाली म्हणायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून उलट बातमी आली. आतड्याचं प्रथिन नसलेले उंदीर तेल नीट पचवत होते. इतकंच नाही, नर उंदरांचं वजन वाढलं! आतड्यात यकृताच्या जातीचंही प्रथिन असतं, ते काम चालवून घेतं, हा खुलासा झाला. पण वजन का वाढावं, याचं त्याने समाधान होत नाही. ज्या आतड्यात ऑकनरला हे प्रथिन पहिल्यांदा भेटलं, तिथलाच दाखला असा डळमळावा!

त्याच्याही आधी, 1996 मध्ये, बोस्टनला गोखान होतामिश्लिगिल यांनी चरबीपेशीचं प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांना भरपूर तेलकट खाणं दिलं. ते लठ्ठ झाले. पण लठ्ठपणाच्या पाठोपाठ येणारा इन्सुलिनला न जुमानण्याचा दोष त्यांच्यात आला नाही. चरबी तेवढीच, रोग नाही. हम्माल गेल्यावर गोदामाचा हिशेबच बदलला. म्हणजे तो नुसतं ओझं उचलत नव्हता. पेशीला चरबीची खबर कळते ती काही अंशी याच प्रथिनामार्फत, हे हळूहळू मान्य झालं. त्याच सुमारास ॲरिझोनातल्या पिमा लोकांत आतड्याच्या प्रथिनातल्या 54 व्या जागी ॲलॅनिनऐवजी थ्रिओनिन असलेला प्रकार सापडला होता. तो मेदाम्लाला दुप्पट जोराने धरतो, आणि ज्यांच्यात तो होता त्यांच्यात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत होता.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आणि कशी ठेवली जाते, हा प्रश्न पुण्याहून दुसऱ्याच बाजूने विचारला जात होता. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. वजनात, स्नायूंत मागे पडलेल्या या बाळांच्या कातडीखालची चरबी मात्र तितकीशी मागे नव्हती. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3; युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. स्वतःच्याच शरीराला पुरावा म्हणून उभं करणारा इतका खेळकर वैज्ञानिक लेख दुसरा नसेल. बोस्टनचे उंदीर आणि पुण्याची बाळं यांना ओढूनताणून एका दोरीत बांधायचं कारण नाही. पण वजनकाट्याने मधुमेहाचा अंदाज करू नये, हे दोन्हीकडून कळलं.

वैद्यकात या कुळाचा उपयोग आणखी एका ठिकाणी झाला. लहान आणि विरघळणारं असल्यामुळे हृदयाच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं हे प्रथिन चटकन रक्तात येतं. हृदयविकाराच्या झटक्याची खूण म्हणून ते वापरावं, असं 1988 मध्ये मास्ट्रिख्टच्या यान ग्लाट्झ यांच्या गटाने सुचवलं. तपासणी निघाली, पण ट्रोपोनिन या हृदयाच्या स्नायूतल्या दुसऱ्याच प्रथिनाने मैदान मारलं.

रक्तात सापडण्याची कथा मात्र तिथे थांबली नाही. 2006 मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांना निरोगी माणसांच्याही रक्तात चरबीपेशीचं प्रथिन मिळालं, आणि लठ्ठपणाबरोबर ते वाढत होतं. इथे पेशी फुटलेल्या नव्हत्या. चरबीपेशी ते मुद्दाम बाहेर सोडत होत्या. पुढच्या वर्षी होतामिश्लिगिल यांच्या गटाने या प्रथिनाची पोकळी अडवणारा एक रेणू देऊन उंदरांतला मधुमेह आणि रक्तवाहिन्यांतला थर दोन्ही कमी केले. 2021 मध्ये त्याच गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की रक्तात हे प्रथिन एकटं नसतं. ॲडेनोसिन कायनेज आणि एनडीपी कायनेज या दोन विकरांबरोबर जुळून ते संप्रेरकासारखं काम करतं आणि स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना त्रास देतं. या त्रिकुटाला त्यांनी फॅबकिन म्हटलं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं दिलेल्या उंदरांच्या बीटा पेशी टिकून राहिल्या.